सुकलालने ‘सोड’ म्हटलं होतं

भूत, आत्मा, मेलेल्या माणसाचे निरोप, यातलं काही मी आयुष्यभर मानलं नाही. सुरतेतल्या आमच्या नवागामात नवरात्रात कुणाच्या अंगात आलं की बायका हळद-कुंकू घेऊन धावायच्या आणि मी चपला शोधायचो. बायको होती तोपर्यंत ती म्हणायची, ‘देव तुमच्याकडे येणार नाही, तुम्ही त्याला आधी आधारकार्ड विचाराल.’

तरीही याच सदरात माझी हकीकत आलेली आहे. काहींना आठवत असेल... सुरतचे एक आजोबा जुनं वाफेचं इंजिन बघायला गेले, इंजिनापलीकडे त्यांना वारलेला मित्र दिसला आणि त्याने आपल्या बायकोसाठी निरोप दिला — ‘इथेच राहा, मी आहे.’ ती लिहिली होती आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावरच्या देसले सरांनी. त्यातले आत्मारामकाका म्हणजे मी. देसले सरांची काही चूक नाही. मी सांगितलं तसंच त्यांनी लिहिलं, फक्त शुद्धलेखन सुधारलं. खाली कितीतरी जणांनी हात जोडले होते. ‘काका, वाचून डोळ्यांत पाणी आलं.’ ‘खरं प्रेम मरत नाही.’ ते वाचताना मला फोन उलटा ठेवावासा वाटायचा.

त्या हकीकतीतला मित्र खरा आहे, इंजिन खरं आहे, तो दिसला हेही खरं आहे. निरोप खोटा आहे. तो मी बनवला.

आता नीट सांगतो.

मी मूळचा अमळनेरकडचा. मॅट्रिक झालो आणि गावातल्या इतर पोरांसारखा सुरतला आलो. उधन्याच्या एका खात्यात सांचे चालवायला लागलो. खातं म्हणजे पॉवरलूमचा कारखाना आणि सांचा म्हणजे माग — इथे सगळे तसंच म्हणतात. माझ्या शेजारचे सांचे सुकलालचे. तो शिरपूरकडचा. सांच्यांच्या ओळीच्या अलीकडे मी, पलीकडे तो, असे आम्ही उभे राहायचो. मान वर केली की सांच्यांच्या वरून समोरच्याचं फक्त कमरेवरचं शरीर दिसायचं. अशी आमची अख्खी जवानी गेली.

खात्यात बोलता येत नाही. सांच्यात इकडून तिकडे आपटणाऱ्या धोट्यांचा आवाज इतका की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून सगळे हातांनी बोलतात. चहा, शेठ आला, तार तुटली, बीम संपलं... सगळ्याला खूण आहे. शिव्यांना तर खास आहेत. त्यातल्या दोन खुणा इथे सांगणं भाग आहे.

लघवीला, चहाला किंवा आणखी कशाला जायचं तर शेजाऱ्याला सांगायचं, ‘माझे सांचे बघ.’ आधी छातीवर हात, मग अंगठा आपल्या सांच्यांकडे, मग बोट डोळ्याखाली. शेजाऱ्याने मान डोलावली की जबाबदारी त्याची. तार तुटो, धोटा अडको, त्यानेच बघायचं. परत आलं की हात वर करून पंजा झटकायचा — हात धुतल्यावर पाणी झटकतो तसा. म्हणजे ‘सोड’. मी आलो, तू मोकळा. आणि एकदा ‘सोड’ म्हटलं की शेजाऱ्याने त्या सांच्याला बोटही लावायचं नाही. चांगल्या मनाने लावलं तरी नाही. यावरून आमच्या खात्यात मारामाऱ्या झालेल्या आहेत. माणूस आला आहे, त्याचं काम त्याचं.

सुकलालला अर्धांगाचा झटका आला तेव्हा उजवी बाजू गेली. दवाखान्यात त्याच्या तोंडात नळी होती. मी भेटायला गेलो तर त्याने डावा हात उचलला, छातीवर ठेवला, अंगठा दाराकडे केला — बाहेर हिराबाई बसली होती — आणि बोट डोळ्याखाली नेलं. मी मान डोलावली. मग तो गेला.

हिराबाई म्हणजे त्याची बायको. मी तिला वहिनी म्हणतो, ती मला भाऊ म्हणते. दर भाऊबीजेला ओवाळते. आमची घरं एकाच गल्लीत, मध्ये एक पानाची टपरी. मी जबाबदारी घेतली ती मनापासून घेतली, हे मला खरंच म्हणायचं आहे. तिची पेन्शन, गॅस, डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणं, सगळं केलं. पण हळूहळू काय झालं ते मला कळलंच नाही. मला बायको नाही. दोन्ही मुली लग्न होऊन दूर. संध्याकाळी मी हिराबाईच्या ओट्यावर जाऊन बसायचो, ती चहा द्यायची. वांग्याचं भरीत केलं की वाटीभर माझ्यासाठी. थंडीत ज्वारी-उडदाची, कळण्याची भाकरी. दिवसभर मी त्या चहाची वाट बघायला लागलो. लोक म्हणायचे, आत्माराम वहिनीला किती सांभाळतो! कोण कोणाला सांभाळत होतं ते मलाच माहीत होतं.

तिचा मुलगा राजू सुरतजवळ कडोदऱ्याला एका युनिटमध्ये होता. त्याला बडोद्याला चांगली नोकरी मिळाली. सुनेला दिवस गेलेले. त्याने आईला सांगितलं, खोली भाड्याने देऊ, तू चल. हिराबाईचं होय-नाही चाललं होतं. एक दिवस पातेली बांधायची, दुसऱ्या दिवशी सोडायची. मला विचारायची, ‘भाऊ, मी काय करू?’ मी म्हणायचो, ‘तुम्ही ठरवा. मी काय सांगणार?’ आणि घरी येऊन झोप लागायची नाही.

त्याच थंडीत कट्ट्याची सहल निघाली.

सोनगढच्या पुढे, डांगाच्या डोंगरांच्या पायथ्याशी, पूर्वी सागाची लाकडं वाहून आणायला एक छोटी रेल्वेलाईन होती. ती कधीच बंद पडली. तिचं एक इंजिन म्हणे वर्षानुवर्षं पानांच्या ढिगाखाली गंजत पडलं होतं. सुरतेतल्या काही हौशी लोकांनी, त्यात बरेच निवृत्त इंजिनिअर, ते इंजिन परत उभं केलं. थोडा रूळ टाकला आणि सुट्टीच्या दिवशी लोकांना बसवून फिरवायला लागले. देसले सरांनी कुठेतरी व्हिडिओ पाहिला आणि बस ठरवली. मीच हिराबाईला म्हटलं, चला, हवापालट होईल.

बसमध्ये देसले सरांनी माझी मापं काढली. ‘आत्माराम, तुम्ही तेलाची बाटली आणली का? तुम्ही इंजिन बघणार नाही, सर्व्हिसिंग करणार.’

मी म्हटलं, ‘सर, तुम्ही फळा आणला का?’

हिराबाई पदर तोंडाला लावून हसली. सुकलाल गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

इंजिन बघितलं आणि मी खरंच देसले सरांना विसरलो. साध्या वाफेच्या इंजिनाला चाकांवरून आडवे दांडे असतात, ते सगळ्यांनी पाहिलेत. याला तसं काही नव्हतं. बॉयलर थोडा एका अंगाला सरकवलेला, हमालाने पोतं तिरकं घ्यावं तसा. आणि दुसऱ्या अंगाला, म्हणजे आमच्या बाजूला, सिलिंडर उभे. त्यांचे दांडे खालीवर, खालीवर. त्याखाली इंजिनाच्या पुढून मागपर्यंत गेलेला लांब शाफ्ट. त्या शाफ्टवरचे दातेरी गिअर प्रत्येक चाकावरच्या दात्यांत बसलेले. म्हणजे इंजिनाची ताकद गिअरमधून चाकांना. सगळं उघडं, ग्रीसने माखलेलं. डोळ्यांसमोर दात्यात दाता बसताना दिसत होता. मी आयुष्यभर सांच्यांचे गिअर बदललेला माणूस. मला ते देवळातल्या मूर्तीपेक्षा सुंदर वाटलं, खोटं कशाला सांगू.

तिथे काळ्या हातांचा एक गुजराती काका लोकांना माहिती देत होता. मी विचारलं, याचा स्पीड किती? तो हसला. ‘आ दोडवा माटे नथी, काका. चढवा माटे छे.’ पळायला नाही, चढायला आहे. वाकड्यातिकड्या कच्च्या रुळांवरून, डोंगरातून, लाकडांचे ओंडके ओढत आणायचं म्हणून असं बनवलं.

आणि ते चाललं तेव्हा सगळे हसायलाच लागले. आवाज असा की डोळे मिटले तर वाटावं मेल गाडी अंगावर येतेय. खटखटखटखट, श्वास घ्यायला जागा नाही. डोळे उघडले तर इंजिन बैलगाडीच्या चालीने पुढे सरकतंय. देसले सर म्हणाले, ‘हे तर आमच्या मुख्याध्यापकांसारखं निघालं.’

लोकांना बसवण्याआधी ते एक रिकामी फेरी मारत होते. इंजिनामागे जुन्या ओंडक्यांच्या सपाट ट्रॉल्या जोडलेल्या, त्यांना कठडे नाहीत, काही नाही. थोड्या पुढे एक कोरडा नाला आणि त्यावर लहान पूल. आम्हाला पुलाच्या अलीकडे, नाल्याच्या काठावर, दोरीमागे उभं केलं होतं. हिराबाई माझ्या डावीकडे. ऊन चांगलं चढलेलं होतं. सगळं लख्ख दिसत होतं. माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे, आता मला लांबचं चांगलं दिसतं.

इंजिन पुलावर आलं. तिथे चढ होता, म्हणून ते आणखी हळू झालं आणि आवाज आणखी वाढला. नाल्याच्या भिंतींवर आपटून दुप्पट झाला. माझ्या पायांतून वर आला. आणि मला उधन्याचं खातं आठवलं. आठवलं म्हणजे काय... मी तिथेच उभा होतो. बाजूला कोणी काही म्हणालं, तोंड हललेलं दिसलं, शब्द नाही.

इंजिन पुढे गेलं. मागून सपाट ट्रॉल्या यायला लागल्या. आणि त्यांच्यावरून, पलीकडे, सुकलाल दिसला.

कमरेवरचा. सांच्यांवरून दिसायचा तसाच. राखाडी बुशशर्ट, वरचं बटण उघडं. माझ्याकडेच बघत होता. मला भीती वाटली नाही. आश्चर्यही वाटलं नाही, हे नंतर आठवून मला घाम फुटला. त्या आवाजात सुकलाल समोर असणं इतकं साहजिक होतं की माझा हात आपोआप वर गेला — ‘काय?’

त्याने हात वर केला आणि पंजा झटकला.

सोड.

उजवा हात होता तो. जो गेला होता.

मला लगेच समजलं. यात समजण्यासारखं अवघड काही नव्हतं, आम्ही ती खूण आयुष्यभर केली होती. मी आलो. तू मोकळा. हिराबाईला जाऊ दे.

मी मान हलवली नाही. मी त्याला तळहात दाखवला — ‘थांब.’ खात्यात कधी कोणी ‘सोड’ला ‘थांब’ म्हटलेलं मी पाहिलं नव्हतं. त्याने पुन्हा पंजा झटकला. या वेळी जोरात. चिडला की तो तसं करायचा, मान थोडी पुढे काढून. आणि मी काय केलं? मी दोन्ही हात पॅन्टच्या खिशात घातले. खात्यात समोरचा बोलत असताना हात खिशात घालणं म्हणजे... त्याच्या तोंडावर थुंकल्यासारखं आहे. मी सुकलालशी ते केलं.

शेवटची ट्रॉली गेली. पलीकडे पूल, मोकळं आभाळ, नाल्याच्या त्या काठावरची पळसाची झाडं. बाकी काही नाही.

आवाज लांब गेला तसं बाजूचं ऐकू यायला लागलं. हिराबाई माझा शर्ट ओढत होती.

‘भाऊ, कोनले हात दखाडी राहिनात?’

कोणाला हात दाखवताय, असं विचारत होती. आम्ही घरी अहिराणीच बोलतो. पण सगळ्यांना समजावं म्हणून पुढचं मराठीत लिहितो. माझा चेहरा पडला असणार. तिने माझ्याकडे बघितलं, मग पुलाकडे बघितलं, आणि हळूच म्हणाली, ‘ते होते?’

अजूनही मला वाटतं की मी ‘नाही’ म्हणू शकलो असतो. किंवा खरं सांगू शकलो असतो. मी म्हटलं, ‘हो.’

‘काय म्हणाले?’

एवढंसं वाक्य होतं. मला जास्त विचार करावा लागला नाही, हीच लाज आहे. जणू ते तयारच होतं. मी म्हटलं, ‘म्हणाला, हिराला सांग, इथेच राहा. मी आहे.’

ती खाली बसली. तिथेच, खडीवर. रडायला लागली. देसले सर पाण्याची बाटली घेऊन धावत आले. ‘काय झालं, वहिनी? चक्कर आली का?’ आणि ती रडत, हसत सगळ्यांना सांगायला लागली. ‘ते आले होते. भाऊंना दिसले. भाऊंना!’

ते ‘भाऊंना’ महत्त्वाचं होतं. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर लोकांनी नाक मुरडलं असतं. पण आत्माराम? जो कुणाच्या अंगात आलं की चपला शोधतो तो? आत्माराम म्हणतो म्हणजे दिसलंच असणार. आयुष्यभर मी असलं काही मानलं नाही, त्या न मानण्यानेच माझं खोटं उचलून धरलं.

जेवणं चालली होती तेव्हा मी एकटा पुलापर्यंत गेलो. पलीकडच्या बाजूला उभं राहायला जागाच नव्हती. स्लीपर संपतात, की खाली सरळ नाला. मी त्या गुजराती काकाला विचारलं, त्या बाजूला तुमचं कोणी उभं राहतं का?

‘क्यां ऊभो रहे, काका?’ तो म्हणाला. ‘हवामां?’ कुठे उभा राहील, हवेत?

पुढे काय झालं ते सोपं आहे. राजू बडोद्याहून आला तेव्हा हिराबाईने त्याला सांगितलं, तुझ्या बाबांनी सांगितलंय, मी येणार नाही. राजू यंत्रांवर काम करणारा मुलगा. तो माझ्याकडे आला. ‘काका, तुम्ही तर असलं मानत नाही ना?’

मी म्हटलं, ‘नव्हतो मानत.’

तो जायला वळला. मग म्हणाला, ‘तुम्ही सांगता म्हणून मी ऐकतोय. दुसऱ्याचं ऐकलं नसतं.’ आणि आईच्या पाया पडून परत गेला.

आणि मला संध्याकाळचा चहा मिळत राहिला. तेवढंच मला हवं होतं. तो मिळाला. पण आता चहाबरोबर प्रश्न यायला लागले. ‘भाऊ, अंगात काय होतं त्यांच्या?’ राखाडी बुशशर्ट. ‘हो, तोच. मी गाठोड्यात बांधून ठेवलाय.’ ‘बारीक झाले होते का?’ नाही. ‘हसले का माझं नाव घेतल्यावर?’

खुणांत नाव कुठे असतं? आणि तो हसला नव्हता. चिडला होता. मी म्हटलं, ‘हसला.’

एक खोटं सांगितलं की त्याला रोज पाणी घालावं लागतं. तिचं समाधान बघून कधी कधी मला वाटायचं, काय वाईट झालं? म्हातारी खूश आहे. देसले सरांनी हकीकत लिहिली, ती इथे आली, हिराबाईने गल्लीत सगळ्यांना वाचून दाखवायला लावली. बायका तिच्या पाया पडायला लागल्या. तिचे गुडघे सुजले, ओट्यावरून उतरताना ती एकदा पडली. मी म्हटलं, राजूकडे चार दिवस जाऊन या. ‘नाही,’ ती म्हणाली. ‘इथेच राहा म्हणालेत. चार दिवसांसाठी का मोडू?’

राजूला मुलगी झाली.

बारशाला तरी ती जाईल असं मला वाटलं होतं. तिने झबली शिवली, टोपडी शिवली, जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली आणि ते सगळं बडोद्याला जाणाऱ्या एका पाहुण्याबरोबर पाठवून दिलं. राजू फोनवर रडला. ती म्हणाली, ‘तुझ्या बाबांचा शब्द आहे, राजा. माझा असता तर मोडला असता.’

बारशाच्या दिवशी व्हिडिओ कॉल लावला. गल्लीतल्या बायका ओट्यावर जमल्या. मीही होतो, माझ्या नेहमीच्या जागी, हातात कप. तिकडे पाळणा सजवलेला. सून म्हणाली, ‘आई, नाव तुम्हीच सांगा तिच्या कानात.’ आणि राजूने मोबाइल बाळाच्या कानाशी धरला. आम्हाला पडद्यावर फक्त अंधार दिसत होता, बाळाचा कान असेल. हिराबाई फोनवर वाकली, तोंडाशी हात धरला आणि नाव सांगितलं. हळूच, कानात सांगतात तसं. तिकडून राजूचा आवाज आला, ‘आई, मोठ्याने सांग, ऐकू येत नाही.’ तिने मोठ्याने सांगितलं. बाळ दचकून रडायला लागलं. मग चित्र थांबलं. नेटवर्क गेलं. हिराबाई त्या थांबलेल्या चित्राकडे बघत बसली. एका बाईने विचारलं, ‘नाक कोणावर गेलंय?’ ती म्हणाली, ‘दिसलं नाही नीट.’

माझ्या हातातला चहा मी प्यायलो नाही. तसाच मोरीत ओतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. ती मेथी निवडत होती. मला बघून म्हणाली, ‘आज सकाळीच? चहा टाकू?’

मी म्हटलं, ‘नको. वहिनी, सुकलाल तसं म्हणाला नव्हता.’

तिला कळलं नाही. मी सगळं सांगितलं. उभ्या उभ्याच. बसायची हिंमत नव्हती. ती मेथी निवडत राहिली. पानं एकीकडे, काड्या एकीकडे. माझं संपल्यावर तिने विचारलं, ‘मग काय म्हणाले होते?’

मी हात वर केला आणि पंजा झटकला. खात्यातल्या माणसाच्या बायकोला ती खूण सांगावी लागत नाही. ती माझ्या हाताकडे बघत राहिली.

‘म्हणजे तुम्हाला म्हणाले,’ ती म्हणाली.

‘हो.’

‘मला काहीच नाही?’

याचा विचार मी केलाच नव्हता. मी माझ्याच पापाचा हिशेब करत आलो होतो. तिच्याकडून काय जाणार आहे, ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतके महिने ती त्या दोन शब्दांवर जगली होती. ‘मी आहे.’ ते मी दिले होते आणि मीच काढून घेत होतो.

मी म्हटलं, ‘तुम्हाला जाऊ दे, असंच म्हणाला ना तो... तुमचंच तर—’

‘राहू द्या,’ ती म्हणाली. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. मग ती बोलली ते मी तिच्याच शब्दांत लिहितो, कारण मला त्यात बदल करायचा नाही. ‘भाऊ, तुम्ही खोटं बोलनात, ते मी पोटमा घालसू. पन ते त्यास्ना तोंडमा घालं... ते नही.’

खोटं बोललात ते मी पोटात घालीन. पण ते त्यांच्या तोंडात घातलंत, ते नाही.

मी जायला वळलो. तिने मागून विचारलं, ‘दिसले होते, ते तरी खरं आहे का?’

‘दिसला होता, वहिनी. आईची शपथ.’

‘आता मी ते खरं कसं धरू?’ ती म्हणाली. रागाने नाही. खरंच विचारत होती.

राजू आला आणि तिला घेऊन गेला. टेम्पोत गाठोडी चढवताना मी मदतीला गेलो तर राजू म्हणाला, ‘राहू द्या काका, झालं.’ एरवी गावाला जाताना ती किल्ली माझ्याकडे ठेवायची. या वेळी तिने ती समोरच्या मंगलाबाईकडे दिली. टेम्पो निघाला तेव्हा मी टपरीशी उभा होतो. तिने माझ्याकडे बघितलं का, ते मला सांगता येणार नाही. मीच बघत नव्हतो.

देसले सरांना मी सांगितलं. ते म्हणाले, ‘आत्माराम, जाऊ द्या, आता कशाला उकरता? लोकांना चांगलं वाटलं, बस झालं.’ पण ज्यांनी ज्यांनी हात जोडले, त्यांना हे कळायला हवं.

आता सुकलाल दिसला त्याबद्दल. यावर मी खूप डोकं चालवलं आहे. माझी मुलगी नर्स आहे. ती म्हणते, आवाजाने, उन्हाने, आठवणीने होतं असं कधी कधी, मेंदू चित्र दाखवतो. असेल. मला ते पटतंही. पण एक गोष्ट मला सुटत नाही. मनाचाच खेळ असता तर मनाने मला हवं ते दाखवलं असतं. मला हवं होतं ‘इथेच राहा’. तेच मी नंतर तोंडाने बनवलं. मग पुलापलीकडून जे आलं ते माझ्या मनातलं कसं? ते मला नको होतं. ऐकायचं नव्हतं म्हणून तर हात खिशात घातले. मग ते कोणाचं होतं? जिथे उभं राहायला जागा नाही तिथे तो उभा कसा राहिला? उत्तर मला माहीत नाही. मिळेल असंही वाटत नाही.

हिराबाईला वाचता येत नाही. पण राजू हे सदर वाचतो, त्यानेच मला एकदा सांगितलं होतं. म्हणून हे इथे लिहिलं.

राजू, माझ्याबद्दल जे म्हणायचं ते म्हण, मी खाली उत्तर देणार नाही. फक्त आईला एवढं वाचून दाखव — निरोप माझा होता, खोटा होता. पण सुकलाल आला होता. राखाडी बुशशर्ट घालून, उजवा हात चांगला करून आला होता, आणि तिला माझ्याकडून सोडवायला आला होता.